गार पाय

ज्या वर्षी मोतद्दाराच्या लेकीचं लग्न झालं, त्याच वर्षी म्हातारीचा पाय गेला. लग्नाला अजून महिनाही झाला नव्हता. त्यामुळे त्या घरात ते वर्ष लग्नाचं म्हणून कुणी सांगत नाही. म्हातारीच्या पायाचं वर्ष म्हणूनच सांगतात.

म्हातारी म्हणजे शर्यतीची घोडी. वय वर्षं चार. कागदावरचं तिचं नाव इतकं लांब होतं की मालकालाही ते एका दमात म्हणता येत नसे. पण खालचा ओठ लोंबता ठेवून ती खोलीच्या अर्ध्या दारातून मान बाहेर काढी आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे सुनेच्या कामाकडे सासूने बघावं तसं बघे. म्हणून तबेल्यात तिचं नाव म्हातारी पडलं. पळायला लागली की मात्र बाकीच्यांच्या तोंडाला फेस आणी.

मोतद्दार तिची देखभाल करी. दाणापाणी, खरारा, लीद काढणं ही कामं तबेल्यातले बाराही मोतद्दार करत. पण हात त्याच्यासारखा कुणाचा नव्हता. तिथली रीत अशी, की सकाळी उजाडताना कुठल्याही घोड्यावर खोगीर चढण्याआधी त्याच्या मोतद्दाराने खाली बसायचं, चारही पायांच्या नळ्यांवरून तळहात फिरवायचा आणि मोठ्याने एकच शब्द बोलायचा. ‘गार’ म्हटलं तर घोडा बाहेर. ‘ऊन’ म्हटलं तर घोडा आत.

पुढच्या पायाच्या नळीमागे एक जाड शीर असते. डॉक्टर तिला टेंडन म्हणतात, तबेल्यात तिला दोरी म्हणतात. पळताना घोड्याचा सगळा भार त्या दोरीवर येतो. ती दुखावली की पहिल्यांदा ऊब येते, मग सूज, मग लंगडणं. लंगडणं आंधळ्यालाही ऐकू येतं, सूज डोळसाला दिसते, पण ऊब फक्त हाताला कळते. आणि त्या हाताला इतकी बारीक ऊब कळे की बाकीचे त्याला ‘थर्मामीटर’ म्हणून हाक मारत. तो वरवर चिडे, आतून सुखावे. साठी गाठली तरी त्याला दुसरी कसली पदवी मिळाली नव्हती.

त्या दिवशी म्हातारी सरावावरून परतली ती चांगली चालत. तिच्यावर जावईच होता. जावई जॉकी होता, आणि मोठे घोडे मोठ्या जॉकींना मिळत असल्यामुळे बसायला मिळे अशी त्याच्या वाट्याला ही एकच घोडी होती. तो उतरला, मोतद्दार खाली वाकला आणि त्याचा हात उजव्या पायावर थांबला.

“काय झालं, मामा?” जावयाने विचारलं.

“ऊन आहे.”

दुपारपर्यंत नळीमागे धनुष्यासारखा फुगवटा आला. संध्याकाळी मालक आला. गाडीतून खाली उतरला नाही, काच खाली करून ट्रेनरशी बोलला. “बरी होणार असेल तर ठेवा. नसेल तर ती गाडी बोलवा.” ती गाडी कुठली हे तबेल्यात सगळ्यांना ठाऊक होतं. तिला खिडक्या नव्हत्या, आणि तिच्यातून गेलेला घोडा परत आला नव्हता.

घोड्यांची डॉक्टरीणबाई तरुण होती, पण बोलायला स्पष्ट. तिने पायावरचे केस कापले, त्यावर चिकट मलम लावलं आणि यंत्राची दांडी फिरवली. छोट्या पडद्यावर दोरी दिसली. राखाडी दोरीच्या मधोमध एक काळं भोक होतं.

“इथले धागे तुटलेत,” ती म्हणाली. “नुसता आराम दिला तर शरीर हे भोक कसंबसं बुजवेल. गोधडीला ठिगळ लावतात तसं. ठिगळ ताणलं जात नाही, ते परत फाटतं. म्हणून आपण तिच्याच हाडातला मगज काढू, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवू आणि या भोकात सोडू. जमलं तर ठिगळाऐवजी खऱ्या दोरीसारखं काही तयार होईल.”

“आणि नाही जमलं तर?” ट्रेनरने विचारलं.

“तर नाही जमलं. मी हमी देत नाही, मी उपचार करते.”

घोडीला गुंगी देऊन उभ्याउभ्याच तिच्या छातीच्या हाडातून मगज काढला. मोतद्दाराने तिचं डोकं खांद्यावर धरलं होतं. तीन आठवड्यांनी गार डब्यातून दोन लहान सुया भरतील एवढं पाणी परत आलं. एवढ्याशा पाण्यासाठी एवढी धावाधाव बघून त्याला हसू आलं आणि भीतीही वाटली. बाईने पडद्याकडे बघत सुई नेमकी त्या काळ्या भोकात नेली.

मग तिने त्याला बाजूला घेतलं. “काका, आता सगळं तुमच्यावर आहे. पाय काही दिवस ऊन राहील, थोडा सुजेलही. राहू द्या. घरात गवंडी कामाला आले की धूळ उडणारच. धूळ उडते म्हणून गवंड्यांना हाकलून द्यायचं नाही. बर्फ नाही, गार माती नाही, सूज उतरवायची औषधं नाहीत. आणि पुढे कधीही, कितीही थोडी ऊब लागली तरी मला सांगायचं. त्यावरूनच मला कळणार आहे. एक वर्ष शर्यत नाही, आणि शेवटचा फोटो मी बघितल्याशिवाय तर नाहीच.”

“बरं बाई,” तो म्हणाला.

बरं म्हणायला काय लागतं! चाळीस वर्षं ज्या हाताने ऊन पाय म्हणजे संकट असं शिकून घेतलं, त्याच हाताला आता ऊन पाय म्हणजे गवंडी असं कोण समजावणार? त्याचा बापही मोतद्दार होता. बापाचा एक घोडा असाच ऊन पायाने दहा दिवस उभा होता आणि अकराव्या दिवशी ती बिनखिडक्यांची गाडी आली होती. बाप त्या दिवशी जेवला नव्हता. घोड्याच्या खोलीत रिकामी बादली घासत बसला होता. ते मोतद्दाराने लहानपणी पाहिलं होतं, आणि लहानपणी पाहिलेलं माणूस शिकून विसरत नाही.

चार दिवस त्याने कळ काढली. रोज सकाळी हात ठेवी, रोज ऊन. रोज ट्रेनर येता जाता विचारी, “काय रे, थर्मामीटर?” आणि तो मान हलवी. पाचव्या संध्याकाळी दाणा देऊन झाल्यावर त्याने बादलीत पांढरी माती घेतली, तीत व्हिनेगर ओतलं, बापाने शिकवली तशी लोण्यासारखी कालवली आणि म्हातारीच्या पायावर बोटभर जाड थापली. वर ओलं फडकं गुंडाळलं. घोडीने सुस्कारा सोडला. सकाळी कुणी यायच्या आत पाय धुऊन, पुसून कोरडा केला. मग रीतीप्रमाणे खाली बसला, हात ठेवला.

“गार,” तो मोठ्याने म्हणाला.

त्यानंतर रोज संध्याकाळी माती, रोज सकाळी धुणं. बाई तपासायला यायची असली की दोन दिवस आधी तो माती बंद करी, आणि ती गेली की पुन्हा सुरू. एकदा ती न सांगता आली आणि तिने नाक वर केलं.

“व्हिनेगरचा वास कसला?”

“बादली धुतली, बाई. शेवाळ धरतं.”

बाईने बादलीकडे बघितलं. बादली खरंच लख्ख होती.

मोतद्दाराची बायको मागेच वारली होती. लेक-जावई त्याच्याच दोन खोल्यांत, गवताच्या कोठाराच्या वर राहत. लोक जावयाला घरजावई म्हणून चिडवत. तो म्हणे, “घरजावई कसला! जगातले सासरे जावयाला आग्रह करकरून वाढतात, आमचे मामा समोरचं ताट ओढून घेतात.” त्यात खोटं नव्हतं. वजन वाढलं तर घोडी हातची जाईल, म्हणून मोतद्दार खरंच त्याचं ताट ओढी.

“जावईबापू, अर्धा चमचा कमी घ्या.”

“मामा, मी मेलो तर खांदेकऱ्यांना बरं पडेल.”

“बाबा, ऐकता ना याचं बोलणं?” लेक म्हणे. “जीभ एवढी वळवळते, तिचं वजन कुणी करत नाही.”

ती हसे. म्हातारी बरी झाली की आपली वेगळी खोली घ्यायची, खिडकीखाली लीद नसेल अशी, एवढीच तिची मागणी होती.

माती थापताना जावयाने त्याला एकदा पकडलं. दारात उभा राहून बघत राहिला.

“बाईंनी नको सांगितलंय ना, मामा?”

“बाईचं शिक्षण सात-आठ वर्षांचं. माझं चाळीस वर्षांचं.”

“आणि पाय गार आहे?”

“रोज.”

जावयाने वाकून बादलीत डोकावलं. मग म्हणाला, “गार आहे ना, मग झालं. पण नखं धुवा. नखांत माती राहते तुमच्या.”

महिने गेले. आधी हाताने धरून चालवणं, मग हलकी दुडकी, मग लांब दुडकी. तिसऱ्या महिन्यात पडद्यावरचं भोक धुरकट झालं. सहाव्या महिन्यात जवळजवळ भरलं. बाई खूश झाली, पण म्हणाली, “भरलंय, पण धागे अजून आडवेतिडवे आहेत. ओढ बसेल तसे ते हळूहळू सरळ होतील. सुताचा गुंता आहे हा, अजून दोर वळलेला नाही. घाई करायची नाही.”

मोतद्दाराने मान डोलावली आणि मनात म्हणाला, माझ्या मातीने भरलं. सूर्य उगवला की कोंबडा म्हणतो माझ्या आरवण्याने उगवला, तसंच हे. पण त्याला ते सांगणारं कुणी नव्हतं, कारण मातीचं कुणाला ठाऊकच नव्हतं. ज्याला ठाऊक होतं त्याला घोडीवर बसायचं होतं.

दहाव्या महिन्याच्या शेवटी ट्रेनरने म्हातारीला पहिल्यांदा मोकळं पळवलं. जावई उतरला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. “मामा, तीच आहे! तसूभर कमी नाही!”

त्या संध्याकाळी मोतद्दाराने माती लावण्याआधी सहज हात ठेवला. नळीच्या मधल्या भागात, दोन बोटांच्या रुंदीएवढी, ऊब होती. फार नाही. दुसऱ्या कुणाच्या हाताला ती लागलीही नसती. त्याने हात काढला, आपल्या गालाला लावला, परत ठेवला. होती.

त्याने बादलीकडे पाहिलं. तेव्हा तो बाईला सांगू शकत होता. तिचा फोन नंबर खोलीच्या दारावर खडूने लिहिलेला होता. पण सांगितलं तर ती यंत्र आणणार, यंत्र भोक दाखवणार, मालक काच खाली करणार. आणि दहा महिने काय केलंस, असं कुणीतरी विचारणारच. त्याने नेहमीपेक्षा जाड माती थापली.

सकाळी पाय गार होता.

दाणा झाल्यावर ट्रेनर आला. मागे सगळे मोतद्दार, जावई, दोन जॉकी. शनिवारच्या शर्यतीसाठी नाव त्याच दिवशी द्यायचं होतं, आणि बाई गुरुवारशिवाय येऊ शकत नव्हती. ट्रेनर तिच्याशी फोनवर बोलत होता. “फोटो काढल्याशिवाय पळवू नका” हे तिचं वाक्य शेजारी उभ्या असलेल्यांनाही ऐकू आलं. वर्ष भरायला अजून दोन महिने आहेत, हेही तिने सांगितलं. ट्रेनरने फोन खिशात टाकला.

“अरे, हातच्या कांकणाला आरसा कशाला? आपला थर्मामीटर आहे ना.” तो मोतद्दाराकडे वळला. “तू सांग. यंत्र राहू दे, बाई राहू दे. तुझा हात काय म्हणतो?”

चाळीस वर्षांत डॉक्टरच्या वर कुणी त्याला विचारलं नव्हतं. तो खाली बसला. उजव्या पायावर हात ठेवला. दगडासारखा गार. धुतलेल्या मातीचा गारवा अजून कातडीत होता. काल संध्याकाळचा गरम ठिपका कुठे होता ते त्याला बरोबर ठाऊक होतं, आणि तिथेही गार होतं. हात खोटं बोलत नव्हता. त्याने जावयाकडे पाहिलं. जावई त्याच्या तोंडाकडे बघत होता, लहान मूल ताटाकडे बघतं तसा.

“गार आहे, साहेब,” तो म्हणाला.

गुरुवारी बाई आली नाही. नाव तर देऊन झालं होतं, आता कशाला, असं ट्रेनरने तिला कळवलं होतं. मोतद्दाराने शनिवारपर्यंतच्या चारही संध्याकाळी माती लावली.

शनिवारी लेक कठड्याजवळच्या बाकावर उभी होती. शर्यतीत नऊ घोडे होते. शेवटच्या वळणावर म्हातारी तिसरी होती, बाहेरून पुढे येत होती, आणि लोक तिचं ते लांबलचक नाव ओरडायला लागले होते. मग तिचा उजवा पाय खाली टेकला तो वर आलाच नाही. ती डोक्यावर पडली. जावई पुढे फेकला गेला आणि मागचे दोन घोडे त्याच्यावरून गेले.

मोतद्दार लगाम हातात घेऊन धावला. त्याच्या वयाच्या माणसाला तेवढं धावता येत नाही, पण तो धावला. म्हातारी उठायचा प्रयत्न करत होती. तिच्या मानेवर गुडघा टेकून त्याने तिला खाली धरलं आणि दुसरा हात उजव्या पायावर ठेवला. नळीमागे दोरी नव्हतीच. तिथे मऊ खड्डा होता, आणि तो खड्डा तापलेल्या तव्यासारखा ऊन होता.

मग त्याने मान वर केली. वीस पावलांवर गवतात जावई पडला होता. टोपी कपाळावर सरकली होती. त्याच्याजवळ अजून कुणी पोचलं नव्हतं.

शेवटची सुई देताना लोकांना दिसू नये म्हणून घोडीभोवती कापडी पडदे उभे केले. तिच्या डोक्यावर मोतद्दाराचा हात होता. पडद्यापलीकडे रुग्णवाहिकेचं दार आपटलेलं त्याला ऐकू आलं.

इस्पितळाच्या लांब ओसरीत तो आणि लेक दोन दिवस बसून होते. रविवारी संध्याकाळी डॉक्टरीणबाई भेटायला आली. त्याने तिला सगळं सांगितलं. माती, व्हिनेगर, दोन बोटांची ऊब, सगळं. लेक शेजारीच बसली होती. आता लपवून कुणाला वाचवायचं होतं?

“मी रोज संध्याकाळी गार करत होतो, बाई,” तो म्हणाला, “आणि सकाळी गार आहे म्हणून सांगत होतो.”

बाईने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, “तुमच्या मातीने दोरी तुटली असं मी म्हणणार नाही. कदाचित दोरी भरायला माती थोडी आडही आली असेल, कदाचित नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही. पण ती ऊब तुम्ही मला सांगितली असती, तर घोडी शनिवारी पळाली नसती. एवढं मात्र नक्की.”

“त्यालाही ठाऊक होतं,” मोतद्दार म्हणाला. “मातीचं.”

“ऊब आल्याचं ठाऊक होतं?” लेकीने विचारलं.

“नाही. ते फक्त मला.”

बाई उठून गेली. ओसरीत फरशी पुसणारी बाई त्यांच्या पायांजवळून पोछा फिरवून पुढे गेली. लेकीने समोरच्या बंद दारावरची नजर काढली नाही.

“मी बाकावर उभी होते, बाबा. मला सगळं दिसत होतं,” ती म्हणाली. “तुम्ही आधी तिच्याकडे गेलात.”

पाय चाळीस वर्षं ज्या वाटेने जात होते त्या वाटेनेच गेले, हे उत्तर नव्हे. ते त्यालाही कळत होतं. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. ओसरीतली बाकं लोखंडी होती. ती गार आहेत की ऊन, हे त्याला कळू द्यायचं नव्हतं.

त्यानंतर तो तबेल्यात कामाला राहिला, पण सकाळी पायांवर हात ठेवून शब्द बोलायचं काम दुसऱ्या मोतद्दाराला दिलं गेलं. त्याने ते परत मागितलं नाही. लेक सासरच्या माणसांकडे राहायला गेली. तिथून महिन्यातून एकदा तिचा फोन येई. तब्येत विचारी. घोड्यांविषयी विचारत नसे.

म्हातारी लग्नानंतरच्या बाराव्या महिन्यात, शनिवारी दुपारी सव्वातीन वाजता, मैदानावरच पडद्याआड मेली. जावई इस्पितळात शुद्धीवर न येता सोमवारी सकाळी, उजाडल्यावर थोड्या वेळाने मेला. तो सत्तावीस वर्षांचा होता.